तालमीच्या पहिल्या दिवसापासून : ग्रेआय नाट्यसंस्थेची वाटचाल

नाट्यप्रशिक्षण नाही म्हणून भूमिका मिळत नाही, आणि अपंग आहात म्हणून नाट्यप्रशिक्षणाला प्रवेश मिळत नाही. सत्तरच्या दशकातल्या ब्रिटनमध्ये हा पेच कुठल्या नियमावलीत लिहिलेला नव्हता, पण ज्याला नट व्हायचं होतं आणि ज्याचं शरीर चारचौघांसारखं नव्हतं, त्याला तो पुरता ठाऊक होता. लंडनची ग्रेआय ही नाट्यसंस्था या पेचातूनच उभी राहिली. चाळीसहून अधिक वर्षं ती नाटकं करते आहे. त्या नाटकांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला मात्र तिच्या वाटचालीत सर्वांत मोलाचा वाटतो तो तिचा वर्ग. कोणाला शिकवायचं आणि त्यासाठी शिकवण्यात काय बदलायचं, या दोन प्रश्नांना या संस्थेने जेवढ्या नेटाने हात घातला, तेवढ्या नेटाने फार थोड्यांनी घातला असेल.

सुरुवातही एका महाविद्यालयातच झाली. कॉव्हेंट्री शहरात शारीरिक अपंगत्व असलेल्या तरुणांसाठी हेअरवर्ड कॉलेज हे निवासी महाविद्यालय होतं. तिथे रिचर्ड टॉमलिन्सन हे प्राध्यापक होते आणि नबील शबान हे विद्यार्थी. शबान यांचा जन्म १९५३ चा, जॉर्डनची राजधानी अम्मानमधला. जन्मतःच हाडं ठिसूळ. उपचारांसाठी तीन वर्षांचे असताना त्यांना इंग्लंडला आणलं आणि पुढचं बालपण रुग्णालयांत नि निवासी संस्थांत गेलं. नट व्हायचं हे मनात पक्कं होतं. नाट्यशाळांची दारं ठोठावून झाली, पण ती उघडली नाहीत. टॉमलिन्सन यांनी या विद्यार्थ्यांना घेऊन महाविद्यालयात छोटे विनोदी कार्यक्रम बसवले होते. अपंगांकडे बघणाऱ्यांच्या नजरेचीच त्यांत खिल्ली उडवलेली असे, आणि लिहिणारे, करणारे सगळे त्या नजरेखाली वाढलेले. टॉमलिन्सन आणि शबान या दोघांच्या मनात कल्पना रुजली ती तिथेच: महाविद्यालयाच्या भिंतींबाहेर, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर हे करायचं.

१९८० साली 'साइडशो' हे पहिलं नाटक उभं राहिलं. जत्रेतल्या तंबूत 'विचित्र' माणसं दाखवून पैसे मिळवण्याची युरोप-अमेरिकेतली जुनी रीत या नाटकाने आपली चौकट म्हणून घेतली. बघ्यांनी पैसे मोजून ज्यांच्याकडे पाहायचं, तीच माणसं आता बघ्यांकडे पाहत बोलू लागली. संस्थेला नाव दिलं ग्रीक पुराणातल्या तीन बहिणींचं. या तिघींमध्ये मिळून एक डोळा आणि एक दात, आणि ते त्या आळीपाळीने वापरतात. पुढचं १९८१ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी जागतिक अपंग वर्ष म्हणून जाहीर केलेलं होतं. त्यामुळे लक्ष वेधलं गेलं, थोडा निधीही मिळू लागला. अशी वर्षं येतात आणि सरतात. ग्रेआय टिकली, कारण रंगमंचावर अपंग कलाकारच उभे राहतील हा नियम तिने सुरुवातीपासून घालून घेतला होता. शेक्सपिअरचा कुबड असलेला तिसरा रिचर्ड किंवा चाकाच्या खुर्चीतला सैनिक धडधाकट नटाने रंगवायचा आणि त्यालाच शाबासकी मिळायची, ही पद्धत तेव्हा फारशी कुणाला खटकत नव्हती.

शबान यांना पुढे दूरचित्रवाणीवर नाव मिळालं. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या मालिकेतला सिल हा १९८५ चा त्यांचा खलनायक आजही लोकांच्या लक्षात आहे. ऐंशीच्या दशकात आणि नव्वदच्या पूर्वार्धात संस्थेचे कलात्मक संचालक बदलत गेले, शाळाशाळांतून प्रयोग नि कार्यशाळा होत राहिल्या, नवी नाटकं लिहून घेतली गेली. त्या काळाचा सगळा हिशेब इथे मांडत नाही. एक अडचण मात्र सतत डोकं वर काढत होती. संस्थेकडे येणारी मंडळी गुणी होती, पण आवाजाचं, देहाचं, संहितेचं रीतसर शिक्षण त्यांच्यापैकी फारच थोड्यांना मिळालेलं असे. ते मिळण्याची जागाच बंद होती. समीक्षक उणं काढत ते नटाच्या तयारीवर, आणि तयारीच्या अभावाचं कारण कुणी विचारत नसे. मोठ्या नाट्यगृहांना अपंग पात्रासाठी अपंग नट घ्या म्हटलं की उत्तर तयार असे, 'प्रशिक्षित कुणी मिळतच नाही हो.'

१९९७ साली जेनी सीली कलात्मक संचालक झाल्या. सातव्या वर्षी त्यांना ऐकू येईनासं झालं. नृत्याचं शिक्षण घेतलेल्या, आणि आधी याच संस्थेत अभिनेत्री म्हणून काम केलेल्या. म्हणजे ऐकू न येता वर्गात उभं राहणं, शिक्षकाच्या ओठांवर नजर ठेवत इतरांच्या अर्धा क्षण मागे हलणं हे त्यांनी स्वतः अनुभवलेलं. त्यांनी प्रशिक्षण हा संस्थेच्या कामाचा कणा केला. २००० च्या सुमारास 'मिसिंग पीस' हा अपंग आणि कर्णबधिर नटांसाठीचा अभ्यासक्रम सुरू झाला, लंडनमधल्या एका विद्यापीठाच्या सहभागाने. अधूनमधून भरणारी कार्यशाळा असं त्याचं स्वरूप नव्हतं. सलग शिक्षण, आणि शेवटी व्यावसायिक शिस्तीने बसवलेला, दौऱ्यावर जाणारा प्रयोग. 'प्रशिक्षित कुणी मिळत नाही' या वाक्याला इतकं ठोस उत्तर आधी कुणी दिलं नव्हतं.

याच सुमारास कायदाही पुढे सरकला. ब्रिटनचा अपंगांविरुद्धच्या भेदभावाला बंदी करणारा कायदा १९९५ चा, पण शिक्षणसंस्था त्यातून बव्हंशी सुटल्या होत्या. २००१ च्या कायद्याने शिक्षणही त्याच्या कक्षेत आलं. आता नाट्यशाळांना केवळ 'आमच्याकडे जिने आहेत' असं म्हणून अर्ज परत पाठवणं कठीण झालं. तरी कायदा दारापर्यंत आणून सोडतो. आत गेल्यावर अभिनयाचा वर्ग कसा चालेल हे त्याला ठरवता येत नाही.

अभिनयाच्या बहुतेक वर्गांची सुरुवात एकसारखी असते. गोल करून उभे राहा, पायात खांद्याएवढं अंतर घ्या, डोळे मिटा, तळव्यांना जमीन जाणवू द्या. या एवढ्याशा सूचनेतून किती जण बाहेर पडतात ते पाहा. खुर्चीतल्या विद्यार्थिनीला उभं राहता येत नाही. ऐकू न येणाऱ्याने डोळे मिटले की पुढची सूचना त्याच्यापर्यंत पोचतच नाही, कारण त्याला ती डोळ्यांनीच घ्यायची असते. पाय नसलेल्याला तळवे कुठून जाणवणार? चांगल्या मनाचे शिक्षक अशा वेळी म्हणतात, 'तू हे नाही केलंस तरी चालेल.' या वाक्यात मुलाला वाईट वागवण्याचा काहीच हेतू नसतो. पण 'नाही केलंस तरी चालेल' हे वर्षभर ऐकत राहिलेला विद्यार्थी वर्षअखेरीस काहीही न शिकता बाहेर पडतो. जाणता शिक्षक सूचना मुळापासून तपासतो. या व्यायामातून मला हवं काय आहे? देहाचा भार कुठे टेकलाय याचं भान. मग तसंच सांगायचं: जिथे तुझं वजन टेकलंय तिथे लक्ष ने, बैठकीवर, मांडीवर, खुर्चीच्या पाठीवर, तळव्यांवर. डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे हे ज्याने त्याने ठरवावं. सूचना आधी, कृती नंतर, म्हणजे दुभाष्याच्या हातांकडे पाहणाऱ्याला दोन्ही मिळतं. असं केल्यावर गंमत ही होते की दोन पायांवर उभं असलेल्यांनाही तो व्यायाम पहिल्यांदा नीट कळतो, कारण इतके दिवस ते पायांत अंतर घेण्याचं काम करत होते आणि भाराकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

वर्गातले इतर बदलही ऐकायला किरकोळ वाटतात. पहिल्या दिवशी प्रत्येकाने नाव सांगताना आपण कसे दिसतो, काय घातलंय हे दोन वाक्यांत सांगायचं, म्हणजे दृष्टिहीन सोबत्याला खोलीत कोण आहे ते कळतं. एका वेळी एकानेच बोलायचं. संहिता आधी हातात द्यायची, मोठ्या अक्षरांत, ब्रेलमध्ये किंवा ध्वनिमुद्रित. रंगमंचाची कड पायाला कळावी म्हणून जमिनीवर जाड पट्टी किंवा दोरी चिकटवायची. सांकेतिक भाषेत बोलणाऱ्या नटाच्या चेहऱ्यावर आणि हातांवर प्रकाश राहील असं बघायचं, कारण अंधार झाला की त्याचा संवाद संपतो. प्रकाशयोजनाकाराला हे शेवटच्या आठवड्यात सांगितलं तर तो वैतागेल. पहिल्या दिवशी सांगितलं तर तो त्यातूनच दृश्याची कल्पना काढेल.

सीली यांच्या कामाचं मर्म इथे आहे. तोवरची पद्धत अशी, की नाटक बसवून पूर्ण करायचं आणि मग एखाद्या प्रयोगाला कोपऱ्यात सांकेतिक भाषेचा दुभाषी उभा करायचा, दृष्टिहीन प्रेक्षकांच्या कानात यंत्र देऊन वर्णन ऐकवायचं. ग्रेआयने दुभाष्याला पात्र केलं, वर्णन पात्रांच्या तोंडी घातलं, आणि पडद्यावर उमटणाऱ्या अक्षरांना नेपथ्याचा भाग केलं. तालमीच्या पहिल्या दिवसापासून हे सगळं नाटकाच्या द्रव्यातच मिसळलेलं.

२००२ चं 'पीलिंग' हे नाटक घ्या. केट ओ'रायली यांनी ते ग्रेआयसाठी लिहिलं. तीन अभिनेत्री एका भव्य ग्रीक शोकांतिकेत कोरसचं काम करताहेत. अवाढव्य घेरदार झगे घालून त्यांना रंगमंचाच्या मागच्या बाजूला उभं केलंय. मुख्य नाटक दुसरीकडेच चाललंय आणि या तिघी आपल्या पाळीची वाट पाहत गप्पा मारताहेत, भांडताहेत, आयुष्यातल्या जखमा उघड्या करताहेत. तिघी कर्णबधिर किंवा अपंग. त्या एकमेकींच्या हालचालींचं वर्णन करतात आणि त्या वर्णनातही एकमेकींना टोमणे असतात. दृष्टिहीन प्रेक्षकाला दृश्य कळतं आणि डोळस प्रेक्षकाला पात्रांमधला ताण कळतो, दोन्ही एकाच वाक्यातून. अपंग नटांना मागे उभं करणाऱ्या व्यवस्थेबद्दल याहून थेट नाटक मला माहीत नाही.

पुढे २००६ मध्ये ग्रेआयने सारा केन यांचं 'ब्लास्टेड' केलं. मूळ नाटकात भयंकर हिंसा आहे आणि तिची वर्णनं रंगसूचनांत आहेत. ग्रेआयच्या प्रयोगात नट या रंगसूचना मोठ्याने बोलले. डोळ्यांनी पाहता न येणाऱ्यांसाठी केलेली ही सोय, पण तिने सगळ्यांसाठीच नाटकाचा घाव बदलला. दृश्य पाहताना मान फिरवता येते. शांत आवाजात उच्चारलेल्या वाक्यापासून मान फिरवून सुटका नाही.

इथे थोडं आपल्याकडे पाहावंसं वाटतं. भारतात संगीताचा वर्ग या बाबतीत नाटकाच्या वर्गाहून पुष्कळ मोकळा राहिला. गुरुमुखातून शिकायचं, कानाने धरायचं, कंठात मुरवायचं, या रीतीत दृष्टिहीन शिष्याला वेगळी वाट लागत नव्हती. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांची गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक आहे. कुरुंदवाडच्या या मुलाच्या डोळ्यांना लहानपणी फटाक्याने इजा झाली, शाळेचं शिक्षण अवघड झालं, आणि तो मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेला. त्याच पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीताला गुरूच्या घरातून वर्गात आणलं. नाटकाच्या बाबतीत आपल्याकडे स्वागत थोरात यांचं काम मोठं आहे. 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८ मध्ये सुरू करणाऱ्या थोरातांनी दृष्टिहीन कलाकारांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' रंगमंचावर आणलं. मेघाला वाट सांगताना कालिदासाचा यक्ष जे जे दाखवतो, ते ते न पाहिलेल्यांनी प्रेक्षकांसमोर उभं केलं. काठी न घेता, एकमेकांवर न आदळता रंगमंचावर वावरण्यासाठी केवढी तालीम लागत असेल! असं काम एका माणसाच्या जिद्दीवर उभं राहतं. ग्रेआयच्या वाटचालीकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण तिथे जिद्दीचं रूपांतर अभ्यासक्रमात झालं.

आणि गाण्यातही. इयन ड्युरी हे ब्रिटनचे लोकप्रिय गायक. सातव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला. १९८१ च्या अपंग वर्षातल्या गोडगोड सहानुभूतीचा संताप येऊन त्यांनी 'स्पॅस्टिकस ऑटिस्टिकस' हे गाणं केलं. बीबीसीने ते वाजवण्यावर बंधनं घातली. त्यांच्या गाण्यांवर ग्रेआयने २०१० मध्ये 'रीझन्स टु बी चिअरफुल' हे संगीतनाटक काढलं, इप्सविच आणि पूर्व लंडनमधल्या नाट्यगृहांच्या साथीने, आणि ते धो धो चाललं. २०१४ मध्ये इतर नाट्यगृहांबरोबर ब्रेख्तचं 'थ्री पेनी ऑपेरा' केलं. मराठीत ज्याचा पु. ल. देशपांड्यांनी 'तीन पैशाचा तमाशा' केला, तेच हे. सांकेतिक भाषा, अक्षरं आणि वर्णन हे सारं त्याच्या रस्त्यावरच्या गदारोळात सहज सामावलं.

या दोहोंच्या मधला क्षण २९ ऑगस्ट २०१२ चा. लंडनच्या पॅरालिम्पिक स्पर्धेचा उद्घाटन सोहळा जेनी सीली आणि ब्रॅडली हेमिंग्ज यांनी मिळून दिग्दर्शित केला. भरलेल्या स्टेडियममध्ये, जगभर थेट दिसत असताना, ड्युरींचं ते बंधनं घातलेलं गाणं ग्रेआयच्या कलाकारांनी गायलं. दोन्ही पाय नसलेले नर्तक डेव्हिड टूल हातांवर नाचले आणि हवेत झेपावले. ज्याबद्दल कमी बोललं जातं ते असं, की या सोहळ्यासाठी चाळीसहून अधिक अपंग कलाकारांना लंडनच्या सर्कस प्रशिक्षण केंद्रात कित्येक आठवडे उंचावरच्या कसरतींचं शिक्षण दिलं गेलं. दोरावर, झुल्यावर, डोलणाऱ्या खांबांवर. प्रत्येक देहासाठी पट्टे वेगळे, पकड वेगळी, वजनाचा हिशेब वेगळा, आणि प्रशिक्षकांनाही नव्याने शिकावं लागलं. सोहळा एका रात्रीत संपला. ते कौशल्य कलाकारांपाशी आणि त्या केंद्रापाशी राहिलं.

२०१६ मध्ये सीली ढाक्यात होत्या. ढाका थिएटर आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या पुढाकाराने बांगलादेशातल्या अपंग तरुणांना घेऊन बंगालीत 'रोमिओ अँड ज्युलिएट' उभं राहिलं. अशा देशात चाकाची खुर्ची रस्त्यावर ढकलत तालमीला पोचणं हाच दिवसभराचा उद्योग असतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तरीही तालमी झाल्या. ने-आण, सोबत आणि दुभाषी यांची तजवीज हा अशा वेळी खर्चाच्या पत्रकातला रीतसर भाग मानावा लागतो.

ब्रिटनमध्ये या वाटचालीचे पडसाद इतरत्रही उमटले. ग्लासगोच्या रॉयल कॉन्झर्व्हेटोअर ऑफ स्कॉटलंडने २०१५ मध्ये कर्णबधिरांसाठी ब्रिटिश सांकेतिक भाषा आणि इंग्रजी या दोन्हींत अभिनयाची पदवी सुरू केली. 'मिसिंग पीस'च्या वर्गात नट म्हणून आलेले अमित शर्मा ग्रेआयमध्येच दिग्दर्शक झाले, पुढे बर्मिंगहॅमच्या मोठ्या नाट्यगृहात गेले आणि आता उत्तर लंडनच्या किल्न थिएटरचे कलात्मक संचालक आहेत. कोणाला भूमिका द्यायची हे ठरवणाऱ्या खुर्चीत त्या वर्गातला विद्यार्थी बसला आहे.

सगळं मार्गी लागलंय असं मात्र नाही. कर्णबधिर दिग्दर्शकाला दुभाषी लागतो आणि त्याचे पैसे लागतात. ब्रिटनमध्ये १९९४ पासून 'ॲक्सेस टु वर्क' ही सरकारी योजना हा खर्च उचलते. तिला कात्री लागली की सीलींसारख्यांचा अर्धा दिवस तालमीऐवजी अर्जांत आणि आंदोलनांत जातो. नाटक बसवता बसवता हेही त्यांनी वर्षानुवर्षं केलं आहे.

महाराष्ट्रात सांस्कृतिक कार्य संचालनालय दिव्यांग बालनाट्य स्पर्धा भरवतं. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या विशेष शाळा तयारीने उतरतात आणि काही मुलं थक्क करणारं काम करतात. ही स्पर्धा असावीच. माझा प्रश्न त्यानंतरचा आहे. बक्षीस घेतलेला सोळा वर्षांचा मुलगा पुढे कुठे जातो? गावातल्या उन्हाळी नाट्यशिबिरात तो असतो का? महाविद्यालयाच्या एकांकिकेच्या तालमीत? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. त्यामुळे मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांच्या नाट्यविभागांत जागेचा प्रश्न कागदावर तरी सुटलेला आहे. आता ठरवायचंय ते प्रवेशपरीक्षेच्या खोलीत: ऐकू न येणाऱ्या उमेदवाराने सांकेतिक भाषेत केलेलं स्वगत जोखायला परीक्षक म्हणून कोण बसणार, आवाजाच्या कसोटीऐवजी त्याची कसोटी कशाची घेणार, आणि तो निवडला गेला तर जूनमध्ये पहिला तास सुरू होताना त्याचा दुभाषी वर्गात हजर असेल का.